कामावरचं पाणी

अंबरनाथ-बदलापूरच्या आसपास निवांत दिसणारं सगळं पाणी खरं तर कामावर आहे. चिखलोलीचं धरण अंबरनाथच्या नळांना बांधलेलं. बारवीचं धरण तर औद्योगिक विकास महामंडळाचंच. 1972 पासून कारखान्यांची आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहरांची तहान त्याच्या माथी. आणि काकोळ्याचा जीआयपी टँक रेल्वेनं बांधला तो वाफेच्या इंजिनांसाठी. बायकामुलांनी काठावर डबे उघडावेत, म्हणून इथे कुणी पाणी अडवलेलं नाही. आम्ही मात्र डबे घेऊन जातो.

जाणं सोपं नसतं. आनंदनगर एमआयडीसीतल्या आमच्या यजमानांची सुट्टी शुक्रवारी, मुलांची रविवारी. या दोन सुट्ट्यांची गाठ दिवाळीत पडते. पाऊस सरलेला, टँक अजून भरलेला, गवत नुकतं पिवळं पडू लागलेलं. सासूबाई आदल्या रात्रीच ज्वारीच्या भाकऱ्या आणि ठेचा ठरवून टाकतात. मुलांना चिवडा हवा असतो, तोही बांधला जातो. रिक्षा कारखान्यांच्या पत्र्यांमधून बाहेर पडते, नाकातला आंबूस दर्प हळूहळू मागे राहतो आणि रस्ता काकोळ्याकडे चढू लागला की मुलं गप्प होतात. शाळेच्या बाकावर हा चमत्कार कधी घडत नाही.

बांधावर उभं राहिलं की मलंगगडाची रांग समोर येते. पाण्यात बुडी मारून वर आलेला पाणकावळा पंख पसरून वाळत बसतो. खंड्या दिसण्याआधी ऐकू येतो. टिटवी उगीचच आरडाओरडा करते. धाकटीला ती शाळेतल्या बाईंसारखी वाटते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेचे रूळ 1856 साली कल्याणहून पळसदरीपर्यंत गेले, 1863 साली बोरघाट ओलांडून पुढे. कोळसा दुरून आणता येतो, पाणी वाटेवरच लागतं. आमच्या डोंगरांचं पाणी ते असं रेल्वेच्या कामी आलं. पुढे वीज आली, वाफेची इंजिनं भंगारात गेली. जीआयपी रेल्वे 1951 साली मध्य रेल्वेत विरून गेली, पण टँक तिच्याच नावानं ओळखला जातो. या पाण्याला निवृत्ती मात्र मिळाली नाही. जवळच रेल्वेच्या बाटलीबंद पाण्याचा कारखाना आहे. इंजिनाची तहान गेली, प्रवाशाची आली.

याच डोंगरांतून वालधुनी निघते. इथे ती ओढ्याएवढी, तळाचे गोटे दाखवत जाणारी. थोडं खाली शिलाहारांच्या शिवमंदिरापाशी पोचते. मंदिरातल्या शिलालेखावर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 आहे. आज त्या मंदिराच्या पायथ्याशी नाकाला पदर लावावा लागतो. 2014 साली उल्हासनगरात या नदीत ओतलेल्या रसायनाच्या वायूनं शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. नदीचं बालपण आणि तिचं आजारपण यांत एवढं थोडं अंतर आहे, की दोन्ही एका सकाळीत पाहून होतात. ज्या कारखानदारीच्या पगारावर आमचा डबा भरतो, तिचाही या आजारपणात वाटा आहे, हे भाकरी मोडताना मी विसरू शकत नाही.

काठावर मात्र अशा हिशेबांना फार वेळ कुणी देत नाही. शेजारच्या झाडाखाली उल्हासनगरचं सिंधी कुटुंब बसलेलं असतं. त्यांची कांदा घातलेली जाड कोकी आमच्याकडे येते, आमचा ठेचा तिकडे जातो आणि त्यांच्या आजीला ठसका लागतो. सासूबाई त्यांना ‘सावकाश, ताई’ म्हणत पाणी देतात. मग दोघी गुडघ्यांच्या दुखण्यावर बोलत बसतात. पुरुषमंडळी भर दुपारी गवतावर चक्क झोपतात. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला दिवसा उघड्यावर, कुणी न हटकता झोपता येणं ही केवढी चैन आहे, ते त्याच्या बायकोला विचारावं.

अशा सहलींसाठी अमेरिकेत राज्यांची उद्यानं असतात. त्यांतली कित्येक तळीही नदीला बांध घालूनच झालेली. पण बांधाबरोबर कुणीतरी काठाचाही विचार केला. बाकं, स्वच्छतागृहं, पोहायची आखलेली जागा. आमच्याकडे काठाचा विचार फक्त पावसाळ्यात होतो. कोंडेश्वरच्या धबधब्यावर, बारवीच्या परिसरात दरवर्षी कुणाचं तरी मूल बुडतं आणि जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीचा आदेश निघतो. बंदी चूक नाही. पावसाळ्यातलं ते पाणी खरंच घातकी असतं. पण बंदी उठल्यावरही काठ तसाच असतो, कठड्यावाचून, कचराकुंडीवाचून. बाया सकाळपासून पाणी बेतानं पितात, कारण आडोसा नाही.

आम्हाला तिकीटघर नको, कारंजी नकोत, रंगीत दिवे तर नकोतच. सूचनाफलकासाठी सरकार एक खांब रोवतंच. त्याच खांबाला बुडणाऱ्यासाठी एक तरंगतं कडं आणि दोर अडकवावा, एवढ्यापासून सुरुवात झाली तरी पुष्कळ आहे.