नावाची नोंद

आमच्या कळवणात मुलांच्या नोकरीचा विषय निघाला की बोलणे शिक्षक, आयटीआय आणि दुकान यांवरच थांबते. ग्रंथपाल व्हावे, असे आम्हा मुस्लिम घरांत क्वचितच कोणी सुचवते.

१९६७च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. तिथला पगारही या अनुदानावरच, म्हणून तुटपुंजा. महाविद्यालयात वेतनश्रेणी आहे; पण ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. पहिली पदवी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून काम सांभाळूनही घेता येते.

पुस्तकांची देवघेव एवढेच हे काम नव्हे. वर्गीकरण, तालिकीकरण, ‘कोहा’सारखी संगणकप्रणाली यावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाचकाला नेमके काय हवे ते ओळखता यावे.

आणि नावे कळावीत. तालिकेत आडनाव आधी. ‘दलवाई, हमीद’ सरळ बसते. पण ‘योगसंग्राम’कर्ते शेख महंमद? शेवटचा शब्द आडनाव समजून ‘महंमद, शेख’ अशी नोंद झाली, तर श्रीगोंद्याचा हा संतकवी ‘शे’खाली शोधणाऱ्याला सापडणार कसा? महंमद हे आडनाव नव्हे, हे आमच्या पोरांना शिकवावे लागत नाही.

ड्यूईच्या दशांश पद्धतीत उर्दू साहित्य ८९१.४३९, मराठी ८९१.४६. दोन्ही एकाच कपाटात मावतात. आमच्या कितीतरी मुली दोन्ही लिप्या वाचतात. त्या कपाटाची किल्ली त्यांच्या हाती यावी, तर घरच्या या जाणतेपणाला पदवीची जोड हवी.