जीभ कुठे आहे ते बघा

परीक्षा या अर्थाचा 'टेस्ट' आणि चव या अर्थाचा 'टेस्ट' देवनागरीत सारखेच लिहिले जातात, म्हणून इंग्रजीचे स्वर शिकवताना मी फळ्यावर देवनागरी लिहीत नाही. हनुवटीखाली बोट ठेवायला सांगतो. चवीच्या शब्दात आवाज ए वरून इ कडे सरकतो, जबडा थोडा वर येतो. परीक्षेच्या शब्दात तो जागचा हलत नाही.

सुरतच्या भेस्तान-पांडेसरा पट्ट्यातली माझी बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या घरांतली. घरात अहिराणी, शाळेत मराठी किंवा हिंदी, रस्त्यावर गुजराती. त्यांच्या कानात किती साठलंय, हे त्यांना ठाऊक नसतं. गुजरातीत 'गोळ' म्हणजे वाटोळा आणि 'गोळ' म्हणजे गूळसुद्धा. लिहायला एकच, पण गुळातला ओ जास्त उघडा. किराणा दुकानात तो ही मुलं बिनचूक काढतात. मग मी म्हणतो, तोच आवाज लांबव. 'लॉ' आणि 'बॉल' तिथून हाकेच्या अंतरावर आहेत.

ॲ तर मराठीने आपलासाच केला. २००९च्या शासननिर्णयाने त्याला वर्णमालेत जागाही दिली. 'बॅड' आणि 'बेड' आमच्याकडे सहसा वेगळे राहतात. हंगेरियन भाषेत सात ह्रस्व आणि सात दीर्घ असे चौदा स्वर आहेत, तरी प्रमाण बोलीत हा ॲ नाही, त्यामुळे तिथल्या माणसाच्या तोंडी दोन्ही शब्द सहज एक होतात.

ह्रस्व-दीर्घाशी मात्र आमची आणि त्यांची झटापट सारखीच. 'शिप' आखूड, 'शीप' लांब, एवढंच मनात धरून मुलं स्वर ताणतात. जीभ मात्र दोन्ही वेळा तिथेच. खरं तर इंग्रजीत 'सीट'मधला स्वर पुढच्या ट मुळे आखडतो आणि 'सिड'मधला ड मुळे लांबतो. घड्याळ लावलं तर दोघांत फारसा फरक उरत नाही. तरी इंग्रजी कान ते वेगळे ओळखतो, कारण 'सीट'ला जीभ टाळूजवळ ताठ असते आणि ओठ फाकतात, तर 'सिड'ला ती सैल पडून जरा खाली-मागे येते.

म्हणून वर्गात आरसे ठेवले आहेत. लूमवर काम करून संध्याकाळी येणाऱ्यांना हे लवकर उमगतं. खडखडाटात समोरच्याचे ओठ पाहून बोलणं ओळखायची त्यांना सवय असते. त्यांना मी आधी आवाज ऐकवतच नाही. दोन्ही शब्द नुसते ओठांनी म्हणतो आणि कोणता होता ते विचारतो.