साखरपुड्यातील हिरा

लग्नकार्यातील काही चाली शास्त्रातून येतात, काही घरातून निघतात, आणि काही बाजारातून येऊन शास्त्राच्या पंक्तीस बसतात. वाङ्निश्चयाच्या दिवशी वधूच्या बोटात हिऱ्याची अंगठी घालण्याची चाल या तिसऱ्या प्रकारची आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. आमच्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या साखरपुड्यात साखरेचा पुडा होता, लुगडे होते, नारळाची ओटी होती. अंगठी असलीच तर सोन्याची, आणि तीही कोणी हातात घेऊन न्याहाळीत नसे. आज आमच्या मुक्ताईनगरास, ज्यास जुनी माणसे अद्याप एदलाबाद म्हणतात, 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाच्या खालोखाल 'अंगठी केवढ्याची?' हा प्रश्न विचारला जातो. आलेली चाल रागावल्याने जात नाही. तेव्हा बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाने तिचा स्वीकार कोणत्या रीतीने करावा, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

हिरा आम्हांस परका नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगास हिरे पुरविणारा प्रमुख देश हिंदुस्थानच होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रपरीक्षेचे स्वतंत्र प्रकरण असून, वजन थोडे उतरले की हिऱ्याचे मोल पुष्कळच उतरते, हे व्यापारातले मर्म त्यात स्पष्ट मांडले आहे. परका आहे तो वाङ्निश्चयाशी त्याचा संबंध. १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत हिरा सापडला, पुढे खाणींमागून खाणी निघाल्या, आणि माल भरपूर झाल्यावर त्यास गिऱ्हाईक निर्माण करणे भाग पडले. १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी नामक जाहिरात-लेखिकेने हिरा चिरकाल टिकतो अशा अर्थाचे वाक्य डी बिअर्स कंपनीसाठी लिहिले, आणि ते अमेरिकेत घरोघर पोहोचले. अंगठीस दोन महिन्यांचा पगार घालावा, हे मापदेखील जाहिरातीनेच ठरविले. कोणत्याही स्मृतिकाराने नव्हे!

गेल्या वर्षी हा विषय आमच्याच घरात येऊन ठेपला. पुतण्याचा विवाह ठरला. मुलगी भुसावळची, तेथील एका शाळेत शिकविणारी. थोरल्या बंधूंनी अंगठीसाठी पाऊण लाख रुपये बाजूस काढले होते. चिरंजीव पुण्यास नोकरीस. तेथील मित्रांच्या अंगठ्या त्याने पाहिलेल्या. दीड लाखाची एक अंगठी त्याच्या मनात भरली होती, व उरलेली रक्कम हप्त्यांनी फेडण्याची सोय दुकानदाराने आपण होऊन सुचविली होती. हप्त्यांची वार्ता कानी पडताच वहिनींनी कपाटातून आपल्या पाटल्या काढल्या व आमच्यासमोर ठेवल्या. "भावोजी, या नुसत्या पडून असतात. मोडून टाका. सून घरात यायची. चार जणींत तिचा हात उठून दिसायला हवा." त्या पाटल्या वहिनींच्या मातोश्रींनी दिलेल्या. बंधू काहीच बोलले नाहीत. परंतु ते पानावरून अर्धपोटी उठले, हे सर्वांनी पाहिले. इकडे मुलीच्या वडिलांनी निम्मा खर्च आपण सोसतो असा निरोप पाठविला, तेव्हा मात्र बंधूंनी तत्काळ उलट कळविले, की मुलीस द्यावयाची वस्तू तिच्याच बापाच्या खिशातून काढणे आमच्याने होणार नाही.

खानदेशात सोन्याविषयी कोणास शिकवावे लागत नाही. जळगावच्या सराफ्याची ख्याती आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे, आणि शेतकरी असो वा मास्तर, चार पैसे उरले की त्याची पावले तिकडे वळतात. कारण घेतलेले सोने अडचणीच्या दिवशी त्या दिवसाच्या भावाने मोडता येते. घडणावळ जाते, थोडी घट धरली जाते, बाकी मोल हाती येते. हिऱ्याचे तसे नाही. त्यास रोजचा छापील भाव नाही. दोन खडे सारखे नसतात. आणि विकावयास गेल्यास खरेदीची किंमत क्वचितच परत मिळते. म्हणून आमचे मत असे झाले, की सोने ही शिल्लक आहे आणि हिरा हा खर्च आहे. खर्च वाईट असतो असे नव्हे. मांडव, वाजंत्री, जेवणावळ हाही खर्चच. पण शिल्लक मोडून खर्च वाढवू नये, हा नियम जो गृहस्थ धान्याच्या कोठारास लावतो, त्याने तो पाटल्यांसही लावला पाहिजे.

रक्कम एकदा घरात ठरली, की दुकानात तीच रक्कम प्रथम सांगावी आणि मग माल पाहावा. हिऱ्याची किंमत चार गोष्टींवर ठरते: वजन, पैलू, रंग व निर्मळपणा. वजन कॅरटात मोजतात. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग तो सेंट. एक कॅरटाचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद दिसतो, तर अर्ध्या कॅरटाचा पाच मिलिमीटरांहून किंचित अधिक. म्हणजे वजन दुप्पट होते, रुंदी मात्र सव्वापटच. त्यातही ५० सेंट, एक कॅरट अशा भरीव आकड्यांपाशी भाव एकदम उडी घेतो. ४६ वा ४७ सेंटांचा हिरा घेतल्यास डोळ्यास भेद कळत नाही, खिशास कळतो.

हिऱ्याचे तेज मुख्यत्वे पैलूंवर अवलंबून असते. तेव्हा काटकसर करावयाची ती तेथे करू नये. रंगाची प्रतवारी डी या इंग्रजी अक्षरापासून झेडपर्यंत उतरत जाते. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात जी, एच किंवा आयचा हिरा शुभ्रच भासतो, मग डीसाठी जादा दाम का मोजावे? नुसत्या डोळ्यांस डाग दिसत नसेल, तर भिंगाखालच्या निर्मळपणासाठीही पैसे ओतण्याचे कारण नाही. कोंदणास १८ कॅरटाचे सोने पत्करावे, २२ कॅरटाचे मऊ पडते. सोन्यावर हॉलमार्क व सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असावा. दागिना दोन ग्रॅमांहून हलका असल्यास कायद्याने तो सक्तीचा नाही, हे ठाऊक असू द्यावे. मात्र हॉलमार्क साक्ष देतो ती सोन्याची, हिऱ्याची नव्हे. हिऱ्यास प्रयोगशाळेचे वेगळे प्रमाणपत्र लागते. पावतीत सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे वजन व घडणावळ ही निरनिराळी लिहून घ्यावीत, म्हणजे खडा सोन्याच्या तराजूत बसणार नाही.

आता राहिला नव्या युगाचा प्रश्न: प्रयोगशाळेत घडविलेला हिरा. चांगदेवापाशी पूर्णेस पोटात घेऊन जी तापी आमच्या तालुक्यातून वाहते, तीच पुढे सुरतेस पोहोचते. आणि जगातील बहुतेक हिऱ्यांना ज्या शहरात पैलू पडतात, ते हेच सुरत. तेथे हल्ली हिरे केवळ घासले जात नाहीत, तयारही होतात. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५४ साली या विद्येस यश आले. २०२३ साली आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीस भेट दिलेला साडेसात कॅरटाचा हिरा याच जातीचा होता. तो काच नव्हे, अमेरिकन डायमंड म्हणून विकला जाणारा खडाही नव्हे. खाणीतल्या हिऱ्याप्रमाणे तोही शुद्ध कार्बनच, तितकाच कठीण, आणि नुसत्या डोळ्यांनी दोहोंतील भेद जवाहिऱ्यासही सांगता येत नाही. किंमत मात्र खाणीच्या हिऱ्याच्या एका लहानशा अंशाइतकीच. त्याचे भाव गेल्या काही वर्षांत सारखे उतरत आले आहेत. म्हणून शिल्लक या दृष्टीने तो अगदीच निरुपयोगी. परंतु जी वस्तू मुळात खर्चाची, तिच्यात हा दोष कितीसा मानावा?

बंधूंना हे पटेना. "म्हणजे खोटाच की!" असे ते म्हणाले. निकाल मुलीने दिला. ती आईबरोबर आली असता वहिनींनी पाटल्यांची गोष्ट काढली, तेव्हा ती म्हणाली, "काकू, त्या मोडल्यात तर अंगठीकडे मला सरळ पाहवणार नाही. मला दिवसभर हातात खडू धरायचा असतो, खडा लहान आणि कोंदण बसकेच बरे. आणि प्रयोगशाळेतला असला तर काय झाले? मी मुलांना विज्ञानच शिकवते." पुतण्याने मान खाली घातली, हप्त्यांचा विषय त्यानंतर त्याने काढला नाही. ४० सेंटांचा, प्रयोगशाळेतला, उत्तम पैलूंचा हिरा १८ कॅरटाच्या कोंदणात बसविला. ठरलेल्या रकमेतून जे उरले, त्याचे चोख सोन्याचे वेढणे जळगावहून आणून मुलीच्याच नावे ठेवले.

साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांपैकी एका बाईंनी अपेक्षेप्रमाणे अंगठीची चौकशी केली. मुलगी सहजपणे म्हणाली, "खाणीतला नाही, सुरतेत तयार केलेला आहे." बाई क्षणभर थांबल्या, आणि मग आपल्या भाचीसाठी असा खडा कोठे मिळेल, हे विचारू लागल्या. बंधू जवळच उभे होते. त्यांनी दुकानाचा पत्ता स्वतः सांगितला.

आमचा आग्रह अमुकच हिरा घ्यावा असा नाही. ज्यास ऐपत आहे त्याने खाणीचा घ्यावा, ज्यास हौस नाही त्याने सोन्याचे साधे वळे घालावे. आग्रह इतकाच, की रक्कम घराने ठरवावी, दुकानाने नव्हे. वस्तू जी आहे तीच म्हणून सांगावी. आणि जिच्या बोटात ती जन्मभर राहावयाची, तिला अगोदर विचारावे. एकत्र कुटुंबात सुनेचा पहिला मान कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही म्हणू, की तिचे मत विचारणे हा. तो देण्यास कर्ज काढावे लागत नाही.