दोन हिरवे

रंगांना अर्थ असतात, असे आपण धरून चालतो. पण ते ठरवले कोणी, हे सहसा विचारत नाही. मला तो प्रश्न पडला माझ्या मामांमुळे. मामा बीड जिल्ह्यातले, पाटोद्याकडचे. सारा जन्म बालाघाटाच्या माळावर कोरडवाहू शेती करण्यात गेला. एकदा मुंबईस आले, तेव्हा त्यांना विज्ञानाचे संग्रहालय दाखवायला नेले. तेथे अंधाऱ्या दालनात पृथ्वीचा मोठा गोल टांगला होता आणि त्यावर हवेच्या तापमानाचे रंग झोतांनी पाडले होते. मामांनी आधी बीड शोधले. ते सापडेना. मग हिमालयापलीकडच्या निळाईकडे बोट दाखवून म्हणाले, "तिकडं पाऊस बरा झालेला दिसतो!"

तो निळा रंग थंडीचा होता. शेजारी रंगांची पट्टी होती, आकडे होते. पण मामांनी पट्टी वाचलीच नाही, रंग वाचला. आयुष्यभर ज्याने पाण्याची वाट पाहिली, त्याला निळ्यात पाणीच दिसणार!

ही गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. पण आपल्या हवामान खात्याचा पावसाचा जिल्हावार नकाशा पाहा. सरासरीहून २० ते ५९ टक्के तूट असली की जिल्हा तांबडा. ६० ते ९९ टक्के असली की पिवळा. डोळ्याला तांबडा अधिक भयाचा वाटतो. येथे पिवळा अधिक वाईट! आणि हिरवा? १९ टक्के कमीपासून १९ टक्के जास्तीपर्यंत सारे हिरवेच. जूनपासूनची बेरीज जमली की झाले. मग मध्ये तीन आठवडे पावसाने ओढ दिलेली का असेना! नकाशातला हिरवा बेरजेचा, शेतातला हिरवा पिकाचा. ज्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन उसाच्या फडांवर जातात, तेथे या दोन हिरव्यांमधले अंतर फार महाग पडते.

म्हणून अशी चित्रे मांडणाऱ्यांनी पाहणाऱ्याला "समजले ना?" असे विचारू नये. भिडेखातर कोणीही "हो" म्हणेल. "काय दिसते, ते सांगा," असे म्हणावे आणि मुकाट्याने ऐकावे. उत्तर वेगळे आले, तर त्याला अडाणी न ठरवता चित्रच पुन्हा रंगवावे. पट्टीवरचे रंग एका दुपारीत बदलता येतात; माळाने जन्मभर शिकवलेले बदलत नाहीत.