हेमकुंडाला निघताना

मैत्रिणींनो, येत्या श्रावणात व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड साहिब करायचं मनात आहे ना? मग लग्नाला निघतो तशी आदल्या रात्री बॅग भरून भागायचं नाही. तीन महिने आधी कंबर कसायला हवी.

पुलना गावापर्यंत गाडी जाते. तिथून घांगरिया नऊ-दहा किलोमीटर. घांगरिया १०,००० फुटांवर आणि हेमकुंड १४,००० फुटांच्याही वर. मधलं अंतर अवघं ६ किलोमीटर, पण चढ ४,००० फुटांचा! आतकरवाडीकडून सिंहगड चढलेल्या बायकांनी असं समजावं, की तसे दोन सिंहगड एकावर एक. शिवाय हवा विरळ. समुद्रसपाटीच्या मानाने तिथे श्वासागणिक प्राणवायू सुमारे ४० टक्के कमी मिळतो.

म्हणून पहिलं काम डॉक्टरांकडे. रक्तदाब पाहून घ्या आणि हिमोग्लोबिन तपासाच. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणाऱ्या आपण, ते कमी निघायचाच संभव जास्त, आणि भरून यायला काही महिने लागतात. मग रोजचं चालणं वाढवत न्या. शेवटच्या महिन्यात सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरून जिने चढा आणि उतराही. गुडघे कुरकुरतात ते उतरतानाच. शेजारीण हसेल, हसू द्या.

बूट नवे घेतलेत तर दोन महिने भाजीला, गिरणीत तेच घालून जा. निघण्यापूर्वी पायाची नखं कापा, नाहीतर उतारावर बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात. सुती कपडे घामाने भिजले की वाळत नाहीत आणि अंगावर गार पडतात. आत लवकर वाळणारे सिंथेटिक, वर लोकरीचा स्वेटर, त्यावर रेनकोट. पाऊस ठरलेलाच, तेव्हा सॅकमधला प्रत्येक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. पाळीची तारीख नसली तरी पॅड घ्याच. आणि ह्यांची औषधं, मुलांचे मोजे ज्याच्या त्याच्या पाठीवर, हं!

आता एक नाजूक गोष्ट. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. एसटीच्या प्रवासात हे खपून जातं, तिथे नाही. कोरड्या हवेत धापा टाकताना अंगातलं पाणी भराभर जातं. दिवसाकाठी तीनेक लिटर प्या. आडोशाला मैत्रिणीची शाल पुरते.

डोकेदुखीही लपवू नका. मी लपवली होती. घांगरियाला रात्रीच डोकं ठणकत होतं, घास उतरत नव्हता. पण माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको, म्हणून गप्प राहिले. पहाटे निघालो. अर्ध्या वाटेवर उलटी झाली, पाय लटपटू लागले. बरोबरच्या पिट्ठूनेच ओळखलं. तो म्हणाला, "माताजी, अब नीचे." डोकं दुखून मळमळत असेल तर पुढे चढायचंच नाही, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. डायमॉक्सची गोळी असते, पण तीही डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं.

घांगरियाला पोचून दिवसभर पडून राहिले. संध्याकाळी डोकं उतरलं आणि भूक लागली. मंडळी परतली ती लंगरच्या गरम खिचडीचं कौतुक करत. हेमकुंडाचं तळं मी अजून फोटोतच पाहिलंय. यंदा जूनपासून पुन्हा जिने सुरू केलेत.