चेरिश की ट्रेझर?

रात्रीचे साडेदहा. निवृत्त होणाऱ्या मॅडमसाठी कार्ड लिहायचंय, तेही इंग्रजीत. ‘आय व्हॅल्यू यू’ लिहिलं आणि खोडलं; वार्षिक मूल्यमापनातला शेरा वाटला. ‘ट्रेझर’ म्हटलं की कुलूपबंद पेटीच दिसते. ‘चेरिश’ बरा. तो फ्रेंच ‘शेर’वरून आलेला, म्हणजे प्रिय. गंमत अशी की ‘शेर’ म्हणजे महागसुद्धा! इंग्रजी ‘डिअर’चंही तेच, आणि ‘प्रेशस’च्या मुळाशी तर लॅटिनमधली किंमतच. हसायला नको, आपणही ‘मोलाचं माणूस’ म्हणतोच की. पण चेरिश मला आठवणींनाच शोभणारा वाटतो. मॅडमनी पाच वर्षं डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्यापुढे सरकवलं, त्याला काय म्हणायचं? शेवटी मराठीतच लिहिलं: ‘मॅडम, एक वाजला की चुकल्याचुकल्यासारखं होईल.’ खोडलेलं ‘व्हॅल्यू’ तेवढं अजून दिसतंय.