खाल्ल्या घरचे वासे

३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कॉलवर होतो. श्रीवर्धनला आजीचा फोन चार दिवस लागला नाही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "वाडीतली एक सुपारी उभी नाही. कौलं गेली. घर आहे."

त्याच घराबद्दल मी गणपतीत तिला म्हणालो होतो, पाडूया, स्लॅब टाकू, होमस्टे करू. काकांनी तर जुन्या लाकडाचा भावही काढून ठेवला होता.

महिन्याभराने गावी पोचलो आणि सुतारमामांबरोबर माळ्यावर चढलो. वर उघडं आभाळ, पण आढं, तुळया, बहुतेक वासे जागच्या जागी. एका लाकडाला काढलेली जीभ दुसऱ्याच्या खाचेत, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. सांध्यात खिळा नाही. आमच्या घरात छपराचा भार खांबांवर आहे, भिंती नुसता आडोसा. "वाऱ्यात सांधा कुरकुरतो, सुटत नाही," मामा म्हणाले. माझ्या डिग्रीत हे कुठेच नव्हतं. (मी कॉम्प्युटरवाला, पण तरी.)

रात्री मोबाईलवर शोधत बसलो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या डेडहॅम गावात फेअरबँक्स हाऊस आहे, साधारण १६४० सालचं. तिथेही असाच लाकडी सांगाडा, ओकचा, तसेच खाचा-खुंट्यांचे सांधे. लाकडातली वर्तुळं मोजून त्याचं वय काढलंय. एकाच घराण्याच्या आठ पिढ्या त्यात राहिल्या. आता ते संग्रहालय आहे, म्हणजे रात्री तिथे कुणी झोपत नाही. हे वाचून मला उगाच आजीच्या खाटेची आठवण झाली.

सकाळी खर्चाचा अंदाज काढायला वासे मोजले. खाली आलो तर आजी ओटीवर बसलेली.

"खाल्ल्या घरचे वासे मोजलेस ना? किती भरले?"

"बेचाळीस. नऊ बदलावे लागतील."

ती हसली नाही. "मग बदल," म्हणाली.

नऊ वासे, रीपा, कौलं, मजुरी. कर्ज काढलं, हप्ता अजून चालू आहे. काका दोन वर्षं बोलले नाहीत; होमस्टे झालं असतं तर पैसे सुटले असते, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही.

नवे वासे अजून पिवळट दिसतात. पहिल्या पावसात रात्री छप्पर कुरकुरलं. मी उठून बसलो. आजी पलीकडून म्हणाली, "झोप रे, सांधे बसतायत."